दवाखान्याची सायबर सुरक्षा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेड, धाराशिव या भागातल्या दवाखान्यांची कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, नावं काढली आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ता या घडीला काही विचित्र दिसत असेल तर थेट प्रश्न ११ वाचा. बाकीचं नंतर.

१. आमचा पंधरा खाटांचा दवाखाना. आमच्या मागं कोण हॅकर लागणार?

मुद्दाम कोणी लागत नाही, हे खरं. पण भुरटा चोर गल्लीतल्या एकेका दाराची कडी हलवून बघत जातो, तसे काही प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. पाटीवर किती खाटा लिहिल्यात ते त्यांना दिसत नाही, कडी उघडी आहे एवढंच दिसतं. आत शिरल्यावर कळतं की हा दवाखाना आहे, आणि मग मागणी वाढते, कारण दवाखाना चार दिवस बंद ठेवता येत नाही.

१२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्राम दवाखान्यांसाठी रचलेलाच नव्हता. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना (रुग्णालयं आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांना) त्याची झळ बसली आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज निघाला. ज्या खिडकीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने अनेकांनी ती टाकली नव्हती, इतकंच.

२. रॅन्समवेअर म्हणजे नेमकं होतं काय?

सकाळी काउंटरवरची ताई बिलिंग उघडते, उघडत नाही. फाइलींची नावं शेपूट लागल्यासारखी बदललेली. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: डेटा कुलूपबंद केलाय, किल्ली हवी तर पैसे द्या. हल्ली सोबत दुसरी धमकीही असते, की नाही दिलेत तर पेशंटची माहिती जगजाहीर करू.

ही सकाळ म्हणजे शेवटचा अंक असतो. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एका कर्मचाऱ्याने १८ मार्च २०२१ ला ईमेलमधली एक्सेल फाइल उघडली आणि कुलूप पडलं १४ मे रोजी. मधले आठ आठवडे चोर घरातच होता. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा असाच कुलूपबंद झाला आणि ओपीडी कित्येक दिवस हाताने लिहून चालवावी लागली. सरकारने संसदेत दिलेलं कारण होतं नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नसणं. आणि डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. कप्पे आणि बॅकअप, हे दोन शब्द खाली सारखे येतील.

३. बजेट फार नाही. सगळ्यात आधी काय करावं?

या क्रमाने: वायर काढून ठेवलेला बॅकअप (प्रश्न ४), बाहेरून आत येणारे रस्ते बंद (प्रश्न ६), दवाखान्याच्या ईमेलला आणि बँकेशी जोडलेल्या खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री). तिन्ही मिळून खर्च दोन हार्ड डिस्कचा आणि एका रविवारचा.

महागडी फायरवॉल विकायला येणारा तुम्हाला उलटा क्रम सांगेल. फायरवॉल वाईट नाही, पण ती बसवून कोणी तिच्याकडे वर्षभर बघितलंच नाही, अशी धूळ खाणारी डबडी मी बरीच पाहिलीत.

४. सॉफ्टवेअरवाले म्हणतात रोज बॅकअप होतो. मग भीती कशाची?

त्यांना एकच विचारा: होतो, पण कुठे? दहातल्या बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. किंवा कायम खोचून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. रॅन्समवेअरला डी ड्राइव्हही दिसतो आणि पेनड्राइव्हही. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवल्यासारखं आहे ते.

चालणारी पद्धत जुनीच आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दवाखान्याच्या बाहेर. लहान दवाखान्यासाठी याचा अर्थ दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, ‘सोम’ आणि ‘गुरू’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या. सोमवारी एक लावायची, बॅकअप झाला की काढायची. गुरुवारी दुसरी. एक नेहमी डॉक्टरांच्या घरी. ती मोटारसायकलच्या डिकीतून जाणार, म्हणून तिला बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करायची सोय) कुलूप घाला आणि पासवर्ड डिस्कवरच लिहून ठेवू नका. (हसू नका, पाहिलंय.) या दोघींच्या मधल्या दिवसांसाठी रोजची प्रत क्लाउडवर जाऊ द्या.

दवाखान्याच्या बाहेर का, तर आपल्याकडे फक्त हॅकर येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि आपल्याकडे सर्व्हर हमखास तळमजल्यावर, जिन्याखाली, बॅटऱ्यांच्या शेजारी असतो.

आणखी एक. बॅकअपची फाइल आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही. एका दवाखान्यात मला सात महिन्यांच्या रोजच्या फाइली दाखवल्या, सगळ्या अगदी सारख्या आकाराच्या. पेशंट रोज वाढतायत आणि फाइल तेवढीच? डेटाबेस चालू असताना नुसतं फोल्डर कॉपी होत होतं आणि खरी फाइल प्रत्येक वेळी सुटत होती. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप चढवून कालचा एखादा केसपेपर उघडतो का, ते स्वतः बघा. आणि टॅलीचा डेटा विसरू नका. तो नेहमी विसरला जातो.

५. सॉफ्टवेअर क्लाउडवर घेतलं की सुटलो ना?

सर्व्हर सांभाळण्यातून सुटलात, पासवर्डमधून नाही. रिसेप्शनचा पासवर्ड चोरीला गेला तर क्लाउडही उघडाच. करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या: आमचा सगळा डेटा आम्हाला वाचता येईल अशा स्वरूपात मागू तेव्हा मिळेल, आणि तुमच्याकडे हल्ला झाला तर आम्हाला त्याच दिवशी कळवाल. फोल्डर आपोआप क्लाउडशी जुळवून घेणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. इथली फाइल कुलूपबंद झाली की तिथलीही होते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते तपासा.

६. पुण्याहून सॉफ्टवेअरवाले एनीडेस्कवरून काम करून देतात. बंद करावं का?

एनीडेस्क म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवायची सोय. बंद नको, पण दार सताड उघडं नको. कोणी होकार न देता आत येता येईल असा कायमचा पासवर्ड त्यात ठेवलेला असतो, तो काढा. त्यांचा फोन आला, तुमच्या माणसाने मंजूर केलं, काम झालं, बंद. ज्या नंबरवरून फोन आला तो ओळखीचा नसेल तर फोन ठेवून तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर उलट लावा.

याहून वाईट म्हणजे राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी (हीही लांबून कॉम्प्युटर चालवायचीच सोय) ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडून दिलेलं असणं. ते आजच बंद करा. सीसीटीव्ही घरी मोबाइलवर दिसावा म्हणून बसवणाऱ्याने राउटरला पाडलेलं भोकही याच जातीचं. अमेरिकेतली चेंज हेल्थकेअर ही कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कोसळली ती बाहेरून आत यायच्या एका पोर्टलला दुहेरी पडताळणी नव्हती म्हणून. तिच्याकडे पैसा आणि माणसं कमी नव्हती.

७. मशीनवाला इंजिनिअर म्हणायलाय, सीटीच्या कॉम्प्युटरला अपडेट करू नका, अँटिव्हायरस टाकू नका. बरोबर आहे का त्याचं?

त्याचं बरोबर आहे, आणि तुमची काळजीही बरोबर आहे. मशीनसोबत आलेला कॉम्प्युटर कंपनीने ठरावीक आवृत्तीवर तपासलेला असतो. परस्पर अपडेट टाकून स्कॅन मध्येच अडकलं तर जबाबदारी तुमची. पण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि लॅबमधल्या रक्तपेशी मोजणाऱ्या काही सेल काउंटरच्या पोटात अजून विंडोज एक्सपी आहे. ही मशीनं दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवायचं.

म्हणजे असं: सीटी, एक्स-रे, सोनोग्राफी, लॅबची यंत्रं एका कप्प्यात. बिलिंग, मेडिकल, रिसेप्शन दुसऱ्यात. पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय आणि सीसीटीव्ही तिसऱ्यात. साध्या मॅनेज्ड स्विचवर (ज्याची मांडणी बदलता येते असा नेटवर्कचा स्विच) व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळे कप्पे, पाडून हे होतं. मशीनच्या कप्प्याला इंटरनेट नाही. फिल्म साठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत जाण्याची तेवढी एक वाट. सर्व्हिस इंजिनिअर येईल तेव्हा त्याचा पेनड्राइव्ह आधी वेगळ्या कॉम्प्युटरवर तपासायचा. त्याला राग येतो, येऊ द्या. आणि वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणाला ‘सुरक्षा दुरुस्त्या कोण, कधी टाकणार’ ही ओळ लिहून घ्या. पैसे द्यायच्या आधी कंपनी जितकं ऐकते तितकं नंतर ऐकत नाही.

फिल्म साठवणारा सर्व्हर मात्र बाहेरून दिसतोय का ते जरूर बघा. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९-२० मध्ये इंटरनेटवर विनापासवर्ड उघडी पडलेली एक्स-रे आणि स्कॅनची भांडारं शोधली, तेव्हा भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. कोणी हॅक केलं नव्हतं. घरून रिपोर्टिंग करता यावं म्हणून कोणीतरी दार उघडून दिलं होतं.

८. सगळे सिस्टर एकाच लॉगिनवर काम करतात. रात्री कॅज्युअल्टीत कुणाला वेळ आहे पासवर्ड टाकायला?

नाहीच. अपघाताचा पेशंट समोर असताना सिस्टरला बारा अक्षरी पासवर्ड टाकायला लावणारा नियम दुसऱ्याच दिवशी स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला दिसतो. कॅज्युअल्टीत फक्त पाहण्यापुरतं आणि नवीन नोंदीपुरतं सामायिक लॉगिन चालू द्या. औषधाची ऑर्डर बदलणं, बिलात सूट, बिल रद्द करणं, डिस्चार्ज कार्ड काढणं, डेटा बाहेर काढणं, या पाच गोष्टींना ज्याचा त्याचा पिन किंवा बोटाचा ठसा. काम सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद, हिशेब होण्याआधी.

९. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. चालतं का?

पेशंटने मागितला, त्याच्याच नंबरवर, दवाखान्याच्या मोबाइलवरून: चालवता येतं. रिसेप्शनवरच्या मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवरून नको, तो नोकरी सोडतो तेव्हा रिपोर्टही सोबत जातात. ‘स्टाफ ग्रुप’वर पेशंटच्या नावासकट फोटो टाकणं बंद करा.

दोन बाबतींत अजिबात सैल राहू नका. एचआयव्हीची माहिती २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख उघड करणं २०२१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षापात्र आहे. आपल्याकडे घरात एकच मोबाइल असतो आणि तो बाईच्या हातात नसतो, हे लक्षात ठेवून असे रिपोर्ट हातातच द्या.

१०. रिसेप्शनच्या मोबाइलवर लग्नपत्रिका आली, उघडली तर काहीच दिसलं नाही. काय झालं असेल?

पत्रिकेच्या नावामागे एपीके असं शेपूट असेल तर ती पत्रिका नव्हतीच, ते अ‍ॅप होतं आणि आता ते तुमचे ओटीपी वाचत असेल. चलानच्या नावानेही असंच येतं. मोबाइल लगेच एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकं बरं. मोबाइल रिसेट केल्याशिवाय परत वापरू नका. त्यावर रिपोर्टचं व्हॉट्सअ‍ॅप असेल तर प्रश्न १४ सुद्धा तुम्हाला लागू.

११. फाइली उघडेनात, चिठ्ठी दिसायलीय. आत्ता काय करू?

नेटवर्कच्या वायरी काढा, वायफाय बंद करा. एका कॉम्प्युटरच्या नव्हे, सगळ्या. स्विचचीच वायर ओढली तरी चालेल. कॉम्प्युटर शक्यतो बंद करू नका, तपासाला लागणारं बरंच काही त्याच्या मेमरीत असतं. पण वायर काढूनही फाइली डोळ्यांसमोर बदलत असतील तर तो बंद करा. डेटा तपासापेक्षा मोठा.

बॅकअपची डिस्क लावू नका. घाबरलेला माणूस पहिली हीच चूक करतो: ‘बॅकअप आहे ना’ म्हणत डिस्क खोचतो आणि तीही जाते.

स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. फॉरमॅट मारायला कोणी पुढे सरसावला तर त्याला चहा पाजून बसवा. व्हेंटिलेटर, मॉनिटर, ऑक्सिजन या गोष्टी कॉम्प्युटरवर अवलंबून नाहीत ना, हे एका सिस्टरने प्रत्यक्ष फिरून बघायचं. ओपीडी कागदावर (प्रश्न १२). मग कळवणं (प्रश्न १४).

१२. कॉम्प्युटरच बंद पडले तर ओपीडी चालवायची कशी?

हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाने विचारावा याची मला गंमत वाटते. भारनियमनाच्या दिवसांत आठ-दहा तास लाइट नसताना हेच दवाखाने चालत होते. ती सवय मोडली, एवढंच.

एक पेटी करा. तिच्यात कोरे केसपेपर, औषधांचे तक्ते, लॅबचे मागणीपत्र, पावतीपुस्तकं, कार्बन, पेन. कागदावरच्या पेशंटसाठी क्रमांकांची वेगळी मालिका ठरवा, म्हणजे नंतर डेटा चढवताना जुन्या क्रमांकांत मिसळत नाही. रोज संध्याकाळी भरती पेशंटची एका पानाची यादी छापा: नाव, खाट, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं. उद्या सकाळी सिस्टम गेली तर राउंड त्या कागदावर होईल. लॅबमधलं यंत्र नेटवर्कशिवाय रिपोर्ट छापतं का ते आत्ताच करून बघा. डॉक्टर, लॅब, रक्तपेढी, रुग्णवाहिका आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यांचे नंबर भिंतीवर, कारण तेही कॉम्प्युटरमध्येच असतात.

आणि पेशंट पुढे पाठवायचा झाला तर कुठे, हे आधी बोलून ठेवा. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयावर हल्ला झाल्यामुळे एका अत्यवस्थ बाईंना वुपरटालला न्यावं लागलं, उपचाराला तासभर उशीर झाला आणि त्या वारल्या. मृत्यूला हल्लाच कारण होता हे पुढे सिद्ध करता आलं नाही. आपल्याकडे तालुक्यापासून छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा नांदेडचं विष्णुपुरी, या सरकारी रुग्णालयांचा रस्ता त्याहून कितीतरी लांब आहे.

वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी दोन तास सगळे कॉम्प्युटर बंद ठेवून काम करा. पहिल्या वेळी पावतीपुस्तक सापडत नाही, हे ठरलेलं.

१३. पैसे देऊन टाकले तर?

देऊ नका असं मी सांगतो. चेंज हेल्थकेअरच्या मालकांनी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर दिले, तरी त्याच डेटावरून दुसऱ्या टोळीने पुन्हा धमकावलं. आयर्लंडने दिले नाहीत. पुढे किल्ली फुकट मिळाली, तरीही सगळे सर्व्हर उघडायला सप्टेंबर उजाडला. म्हणजे किल्ली मिळाली की सगळं पूर्ववत, ही समजूतच चुकीची. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांसह २०१६ पासून चालवलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या स्थळावर काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे आधी बघा.

बॅकअप नाही, किल्ली नाही, आणि केमो चालू असलेल्या पेशंटच्या नोंदी अडकल्यात, अशा वेळी डॉक्टर काय ठरवतील त्यावर बाहेरून न्याय करायला मी जाणार नाही. फक्त ठरवण्याआधी पोलिसांत जा आणि वकिलाशी बोला. ‘रिकव्हरी करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ बऱ्याचदा मागच्या दाराने त्याच टोळीला पैसे देतो आणि वर आपली दलाली लावतो.

१४. लहान दवाखान्यालाही कळवावं लागतं का? किती वेळात?

लागतं. सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. हे निर्देश ‘बॉडी कॉर्पोरेट’ला लागू आहेत, आणि तो शब्द मोठ्या कंपन्यांपुरता आहे असं समजू नका. आयटी कायद्याच्या कलम ४३-अ मधल्या व्याख्येत व्यावसायिक काम करणारी एकल मालकीची संस्थासुद्धा येते. पूर्ण माहिती हाती नसली तरी आहे तेवढी सहा तासांत पाठवा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्या लागू झाल्यावर डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचं आणि त्या त्या पेशंटलाही. पेशंटचे चालू मोबाइल नंबर नोंदीत नसतील तर कळवणार कसं, हा विचार आत्ता करा.

१५. सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचा डेटाच गेला तर? पीसीपीएनडीटीवाले ऐकतील का?

एफ फॉर्म म्हणजे गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद, आणि तिचा कागद तुमच्याकडे असायलाच हवा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियम ९ प्रमाणे, नोंदी कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर त्यांची छापील प्रत काढून, जबाबदार माणसाची सही घेऊन जपायची असते, दोन वर्षं. खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. ती फाइल असेल तर हल्ल्याने तुमचं या बाबतीत काही बिघडत नाही.

नसेल तर आठवून आठवून मागच्या तारखांचे फॉर्म भरू नका. हल्ला हा गुन्हा दुसऱ्याचा, हे मात्र तुमचं होईल. या कायद्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा, पोलीस तक्रारीची आणि सर्ट-इनला पाठवलेल्या ईमेलची प्रत जोडा. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे २०११ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, ‘व्हायरस आला होता’ हे कारण कोणी तोंडी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

१६. आभा नंबर पेशंट कुणालाही सांगतात. धोका आहे का?

आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी नंबर, सांगण्यात फारसा नाही, ओटीपी सांगण्यात आहे. काउंटरवर ओटीपी मोठ्याने विचारू नका. जन आरोग्य योजनेच्या पोर्टलचा पासवर्डही आरोग्यमित्र, बिलिंगवाला आणि डॉक्टर असा तिघांत फिरत असेल तर प्रश्न ८ पाहा.

१७. तक्रार केली तर पोलीस सर्व्हर उचलून नेतील, मग दवाखाना कसा चालवू?

या भीतीनेच बरेच जण तक्रार करत नाहीत. तपास अधिकाऱ्याला सहसा पुरावा हवा असतो, तुमचं डबडं नव्हे. मूळ हार्ड डिस्क काढून पंचनाम्यात द्यायची आणि सर्व्हरमध्ये नवीन डिस्क टाकून त्यावर बॅकअप चढवायचा, ही तयारी दाखवली तर बोलणं सोपं होतं. म्हणून त्याच मापाची एक कोरी डिस्क कपाटात ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश क्रमांक (डेटाच्या बोटाचा ठसाच म्हणा) असतो. डिस्क देताना तो पंचनाम्यात लिहिला गेलाय का ते बघा आणि पोच घ्या.

डिस्कवर पेशंटची माहिती आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा. आणि त्या डिस्कवर तुमचे घरचे फोटो असतील तर ते तिथे का होते, हा प्रश्न घरच्या मॅडम विचारतील. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.